जुन्या लॅपटॉपला वेगाचे नवे दार



ह्या खेपेस आम्ही घरातल्या जुन्या लॅपटॉपविषयी लिहीत आहोत. २००७ ते २०११ च्या सुमारास घेतलेला एखादा लॅपटॉप आपल्यापैकी पुष्कळ आजी-आजोबांकडे असतोच. मुलाने नवा घेतला आणि जुना आईकडे ठेवून गेला. तो चालतो, हाताला त्याची सवय झालेली असते, मग टाकायचा कशाला? शिवाय सगळे त्यातच असते. मेंदीच्या रात्रीचे फोटो, नातवाची बार मित्झवा, मुंबईची शेवटची फेरी, आता नसलेल्या माणसांचे आवाज. अडचण एवढीच की हे सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवायला बसले की तासन्‌तास जातात. नातवंडे म्हणतात, "आजी, हा फार स्लो आहे, फेकून दे." फेकण्याआधी जरा थांबा. अशा काही लॅपटॉपना जास्त वेगाचे दार बसवता येते.

हे दार म्हणजे यूएसबी पोर्ट. यूएसबीचे पहिले रूप १९९६ साली आले. ते घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले इंजिनियर आघाडीवर होते. आपण इस्राएलमध्ये ज्याला "डिस्क-ऑन-की" म्हणतो ते नाव कफार सबाच्या एम-सिस्टिम्स कंपनीच्या मालाचे. २००० साली ती किल्ली बाजारात आली तेव्हा तिच्यात फक्त ८ एमबी मावत. मुलांनो, आजच्या फोनचे दोन-तीन फोटो काढले की ती भरली!

दाराचे वेग वाढत गेले. १९९८ चे यूएसबी १.१ सेकंदाला १२ मेगाबिट नेई. २००० साली आलेल्या २.० चा वेग ४८० मेगाबिट, तर २००८ साली जाहीर झालेल्या ३.० चा ५,००० मेगाबिट. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात २.० च्या दारातून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. म्हणजे २०० जीबीचा ऐवज उतरवायला दोन तास धरा, आणि बारीकसारीक फोटो हजारोंनी असतील तर त्याहून जास्त. २०११ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपना हेच दार आहे.

आता उपाय. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला एक चपटी खाच असते. तिचे नाव एक्सप्रेसकार्ड. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा ऑफिसच्या कामाच्या लॅपटॉपमध्ये ती पुष्कळदा सापडते. २००६ ते २००९ च्या १५ इंची मॅकबुक प्रोलाही ती होती. स्वस्तातल्या आणि अगदी लहान लॅपटॉपना बहुधा नसते. खाचेत धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे खोटे कार्ड बसवलेले असते. ते आत दाबले की बाहेर येते. त्याच्या जागी यूएसबी ३.० चे कार्ड सारले की लॅपटॉपला एक-दोन वेगवान पोर्ट मिळतात. लॅपटॉप उघडावा लागत नाही, एकही स्क्रू काढावा लागत नाही. ही कार्डे आता दुकानाच्या फळीवर क्वचितच दिसतात. जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे विचारावे.

घेण्याआधी मात्र चार गोष्टी बघा हं.

पहिली, खाच कुठली ते. एक्सप्रेसकार्ड ३४ मिलिमीटर रुंद असते, किंवा ५४ मिलिमीटर. ३४ चे कार्ड ५४ च्या खाचेत चालते, उलट चालत नाही. पण त्याहून जुनी पीसी कार्डची खाचही ५४ मिलिमीटरच रुंद असते, आणि तिच्यात एक्सप्रेसकार्ड बसत नाही. म्हणून नुसत्या पट्टीवर भरवसा नको. लॅपटॉपच्या खालचा मॉडेल नंबर कागदावर लिहून दुकानदाराला दाखवा.

दुसरी, वेगाची हद्द. जुन्या एक्सप्रेसकार्डची वाट २,५०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर २५० एमबी. यूएसबी ३.० चा पूर्ण वेग तिच्यातून निघणार नाही. त्यात लॅपटॉपची आतली जुनी फिरती डिस्कच सेकंदाला ६०-८० एमबी देते. आपले वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवत. पिंप कितीही मोठे असो, नरसाळ्याच्या नळीतून उतरेल तेवढेच तेल बाटलीत पडते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. इथेही तसेच. दोन तासांचे काम पाऊण-एक तासावर येईल. दसपट वेगाची आशा धरू नये. शिवाय काही स्वस्त कार्डे आतून जुन्या यूएसबी २.० च्याच तारांवर चालतात. त्यांनी दारे वाढतात, वेग काही वाढत नाही. पाकिटावर ३.० लिहिले आहे ना, ते वाचूनच पैसे द्या.

तिसरी, वीज. यूएसबी डिस्कला ५ व्होल्ट लागतात आणि ही खाच ३.३ व्होल्टच देते. कार्ड कसेबसे ते वाढवते, पण सुरू होताना डिस्क जास्त वीज ओढते आणि मग मध्येच बंद पडते. अर्धी कॉपी झालेली असताना असे होणे वाईट. म्हणून बाहेरून वीज देण्याची सोय असलेले कार्ड घ्या, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क वापरा.

चौथी, सॉफ्टवेअर. विंडोज ७ ला यूएसबी ३.० आपोआप ओळखता येत नाही, कार्डाबरोबरचा ड्रायव्हर घालावा लागतो. विंडोज ८ पासून ही अडचण सहसा येत नाही. लिनक्सला तर २००९ पासून ते येते. दुसरे म्हणजे, विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा जुन्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार नकोत. दार नवे बसवले तरी घर जुनेच असते.

कुणी म्हणेल, कार्ड कशाला, यूएसबी ३.० चा हब आणतो ना! हब जुन्याच पोर्टात लागणार, मग वेगही जुनाच. तो खर्च ह्या कामासाठी करू नये.

खाचच नसली तर काय? तरी वाट आहे. पुष्कळ लॅपटॉपना नेटवर्कच्या जाड केबलचे पोर्ट असते. ते गिगाबिटचे असेल तर नातवाचा संगणक आणि आपला लॅपटॉप जोडून सेकंदाला १०० एमबीपर्यंत नेता येतात, म्हणजे यूएसबी २.० पेक्षा जास्त. किंवा जाणत्या माणसाकडून आतली डिस्क काढून घ्यावी, ती यूएसबी ३.० च्या डबीत बसवावी आणि नव्या संगणकाला लावावी. ह्याला खर्च थोडा येतो.

लहान कॅसेटचा मिनीडीव्ही कॅमेरा घरात असेल तर त्याच खाचेचा आणखी एक उपयोग आहे. त्या कॅसेट चांगल्या दर्जाने उतरवायला फायरवायर नावाचे पोर्ट लागते आणि त्याचेही एक्सप्रेसकार्ड मिळते. तासाभराच्या कॅसेटला साधारण १३ जीबी जागा आणि पुरता एक तास लागतो. तिथे घाई चालत नाही.

आता आमचे मुख्य म्हणणे. कार्ड मिळाले तर छान, पण त्याची वाट बघत बसू नका. डिस्क जुनी झाली की कधी जाईल ह्याचा नेम नाही, आणि ती गेली की वेगवान दाराचा काय उपयोग? जुने दार हळू आहे, पण उघडे आहे. आज रात्री जेवण झाल्यावर बाहेरची डिस्क लावा, लॅपटॉप विजेला जोडा, तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा आणि कॉपी सुरू करून खुशाल झोपा. सकाळपर्यंत २०० जीबी सहज होतील. मात्र आतून टकटक आवाज येत असेल तर काही करू नका. लॅपटॉप लगेच बंद करा आणि डिस्कचे काम जाणणाऱ्याकडे न्या.

कॉपी झाली की पाच-दहा फोटो आणि एखादा व्हिडिओ नव्या डिस्कवरून उघडून बघा. मगच "सुरक्षित काढा" म्हणून डिस्क काढा. एक प्रत आपल्याकडे आणि दुसरी मुलीच्या नाहीतर मुलाच्या घरी ठेवा. एकच प्रत असणे म्हणजे नसल्यातच जमा.

मुलांनो, ह्या महिन्याचे काम तुमच्यासाठी. आजीकडे जाल तेव्हा तिच्या लॅपटॉपच्या कडा नीट बघा. पोर्टाच्या आतली जीभ निळी असेल तर ते बहुधा ३.० असते, काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा जुने. चपटी खाच असेल तर मॉडेल नंबर लिहून घ्या. कार्ड बसवलेच तर लॅपटॉप उचलताना आधी ते काढा. ते बाहेर डोकावत असते, धक्क्याने मोडते. आणि कॉपी चालू असताना आजीजवळ बसून प्रत्येक फोटोतली माणसे कोण ते विचारा, नावे वहीत लिहा. ती नावे कुठल्याही पोर्टातून उतरत नाहीत.

आपल्या लॅपटॉपची खाच कुठली हे कळत नसेल तर मॉडेल नंबरासह आम्हांस जरूर कळवा. पुढच्या अंकी उत्तर देऊ.