चावी कोणी दिली?



गळीत हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या अन् फडावर निघालेले तोडकरी असतात. त्याच रस्त्यावर आपलं सतरा वर्षांचं पोरगं हळदीच्या कार्यक्रमात पिऊन, लायसन नसताना गाडी पळवतं, आणि आपण म्हणतो, "पोरगं तयार झालं!" हे कौतुक आम्हांस मान्य नाही.

१९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेत एक तरुण व एक तरुणी ठार झाले. मुलगा प्यायलेला होता, असा पोलिसांचा आरोप. वडिलांनाही अटक झाली. तेव्हा पारावर बसून आपण शहरातल्या श्रीमंतांना नावे ठेवली. पण आपल्या दारातल्या गाडीची चावी कोणाच्या हाती असते?

२०१९ च्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा गाडीमालकही दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. "मला ठाऊक नव्हतं" म्हणून भागत नाही. ते पालकानेच सिद्ध करायचे.

आमचे सांगणे एवढेच : चावी खुंटीला नको, खिशात ठेवा. पोरगं पिऊन आलं तर आधी चावी काढून घ्या, मग रागवा. दंड उसाच्या बिलातून फिटेल. दुसऱ्याच्या घरचा गेलेला जीव कशातून फेडणार?