फाइल उघडली कोणी?

मे २०१६ मध्ये मंत्रालयातील महसूल व सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या सुमारे १५० संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने ग्रासले. हा विषाणू प्रामुख्याने ईमेलमधून, बिलाचे सोंग घेऊन येत असे. सोबतची वर्ड फाइल उघडून तीतील ‘मॅक्रो’ चालू करण्यास संमती दिली, की कागदपत्रे कुलूपबंद होत आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली जाई.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘फाइल उघडली कोणी?’ हा. परंतु बोरिवलीहून वा मुलुंडहून गर्दीत लोंबकळत कचेरी गाठणाऱ्या कारकुनाचे कामच मुळी आलेले कागद उघडण्याचे! बिल न उघडावे तर कामचुकारपणा, उघडावे तर निष्काळजीपणा. हा न्याय चमत्कारिकच म्हटला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, लाखो ईमेल पाठविण्यास हल्लेखोराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि लाखांतून एक उघडले तरी त्याचे काम होते. उलट, ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्या खिशाला नुकसानीची तोशीस लागत नाही. मॅक्रोचा धोका १९९९ च्या ‘मेलिसा’ विषाणूने जगाला दाखविला होता; तरीही इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने आणली ती २०२२ मध्ये. मधल्या काळातील भुर्दंड सोसला तो वापरणाऱ्यांनी.

म्हणून सावधगिरीचा पहिला भार संस्थांनी उचलला पाहिजे. कागदपत्रांची रोजची प्रत संगणकजाळ्यापासून अलग ठेवावी, जुनी सॉफ्टवेअरे अद्ययावत करावीत, कर्मचाऱ्याच्या खात्याला नवे प्रोग्रॅम बसविण्याचे अधिकार देऊ नयेत. कर्मचाऱ्यानेही अनपेक्षित फाइल आल्यास पाठविणाऱ्यास दूरध्वनीवर विचारावे. मात्र तो क्रमांक त्याच ईमेलमधून घेऊ नये. मॅक्रोला संमती तर कदापि देऊ नये.

एवढे करूनही चूक होईल. तेव्हा संगणक जाळ्यापासून तत्काळ तोडून वरिष्ठांना कळविणे हाच मार्ग. सायबर हल्ल्याची सूचना सहा तासांत देण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये संस्थांवर घातले आहे. परंतु ज्या कचेरीत चूक सांगणाऱ्याला आधी ‘मेमो’ मिळतो, तेथे ती लपविलीच जाणार. आणि लपविण्यात गेलेला प्रत्येक तास विषाणूच्या पथ्यावर पडणार. भीती हा सुरक्षिततेचा पाया होऊ शकत नाही, हे साहेबांनी ध्यानी घेतलेले बरे.