इंटरनेटवरील सभा आणि आपला हक्क

सभा म्हटली म्हणजे मैदान हवें, मांडव हवा, निदान शाळेची ओसरी तरी हवी, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु इ. स. २०२० मध्यें करोनाच्या सांथीनें मैदानें ओस पडलीं व शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां वर्ग भरले ते इंटरनेटवर, व सभाहि तेथेंच झाल्या. तर मग सभेचा हक्कहि तेथपर्यंत पोंचतो, हें मान्य करण्यास हरकत कोणती?

आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें नागरिकांस शांततेनें व शस्त्रावांचून एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीं वाजवी निर्बंध घालतां येतात. पण अमुकच जागीं जमावें, असें तेथें म्हटलेलें नाहीं. नागरी व राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानें १९७९ सालीं स्वीकारला, त्याचा अर्थ लावतांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें जुलै २०२० मध्यें स्पष्ट सांगितलें, कीं शांततेची सभा उघड्यावर, घरांत वा इंटरनेटवर भरो, ती संरक्षणास पात्र आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं, अनुराधा भसीन यांच्या खटल्यांत, इंटरनेटद्वारें मत मांडणें व व्यवसाय करणें यांस घटनेचें संरक्षण असल्याचें सांगितलें, आणि बेमुदत इंटरनेटबंदी कायद्यास धरून नाहीं असें ठरविलें. सभेच्या हक्काविषयीं मात्र तशी घोषणा त्या निकालांत नाहीं. ही उणीव भरून निघावी, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, तेथें अफवा पसरतात, दंगे पेटतात. दार लावलेलेंच बरें. ही भीति खोटी नाहीं. परंतु एकानें सभेंत दगड मारला म्हणून गांवांतील सर्व सभागृहांस कुलूप ठोकणें हा न्याय नव्हे. दगड मारणारास धरावें. सरसकट बंदीनें विद्यार्थ्याचा अभ्यास, दुकानदाराचा व्यवहार व आजाऱ्याचा निरोपहि अडतो.

तथापि 'शांततेनें' हा शब्द पाळणें आपणांकडे आहे. इंटरनेटवर लाठी नसते. पण शिवीगाळ, धमकी, खोट्या नांवाआडून दहाजणांनीं एकास गांठणें, हीं तेथील शस्त्रेंच होत. विद्यार्थिमित्रहो, वर्गाच्या गटांत एखाद्या सोबत्याची टर उडत असतां आपण गप्प बसलों, तर ती सभा शांततेची राहिली काय, याचा विचार करा. पालकांनींहि मुलांच्या हातांतील फोन नुसता काढून घेण्यापेक्षां, चार लोकांत कसें बसावें-बोलावें तें तेथेंहि शिकवावें. ज्यास ही रीत घरीं व शाळेंत लागली, त्याच्या हातीं हा हक्क सुरक्षित राहील.