कंठ कोणाचा, नांव कोणाचें?

गेल्या अंकांत मुलांच्या पाठांतरासंबंधीं चार शब्द लिहिले होते. या खेपेचा विषय कांहीं वाचकांना पोरकट वाटण्याचा संभव आहे; तरी लेख शेवटपर्यंत वाचावा व मग काय तें ठरवावें, एवढीच प्रार्थना.

आमच्या घरीं तिन्हीसांजेला शुभंकरोति झालें, कीं बालगोपाळांस अर्धा तास कार्टून पाहण्याची मुभा असते. ही मुभा सूनबाईंनीं दिलेली, माझी नव्हे. माझ्या मतें तो अर्धा तास म्हणजे निव्वळ किंकाळ्यांचा बाजार होता, आणि तेवढा वेळ पुस्तक घेऊन माडीवर जाण्याचा परिपाठ मीं ठेविला होता. एके दिवशीं गुडघ्यानें जिना चढण्याचें नाकारलें, व मला खालींच बसावें लागलें. पडद्यावर एक करडा ससा गाजर खात खात एका शिकाऱ्याची फजिती करीत होता. थोरल्या नातवानें सहज विचारलें, "आजोबा, सशाला तर चित्रकारानें काढलें; मग त्याच्या तोंडून बोलतो कोण?"

पस्तीस वर्षें वर्गांत उभा राहून मीं मुलांच्या शंकांचें निरसन केलें. पण या शंकेपुढें निरुत्तर झालों. "असेल कोणी तरी," असें म्हणून वेळ मारून नेली. परंतु "कोणी तरी" हें उत्तर शिक्षकाला शोभत नाहीं. पुढील दोन महिने मीं त्या "कोणी तरी"चा शोध घेण्यांत घालविले, आणि त्या शोधानें मला अखेर माझ्याच घरांतील एका चुकीपाशीं आणून उभें केलें. ती हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा लेख.

भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार मानिले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगभूमीवरील नट हा चार घोड्यांचा रथ हांकतो. चित्रांतील सशाच्या बाबतींत मात्र अंग चित्रकाराचें आणि वेष रंगाऱ्याचा; नटाच्या वांट्यास बाहेरचें म्हणून जें साधन येतें, तें एकटा कंठ. त्यानें भुंवई कितीही उंचावली तरी ती कोणास दिसावयाची नाहीं. राग, लोभ, लाज, कपट, भूक, सारें कांहीं आवाजांतूनच प्रकट झालें पाहिजे. नाट्यशास्त्रांत काकूचें, म्हणजे स्वर पालटून अर्थ पालटण्याचें, सविस्तर विवेचन आहे. उर, कंठ व शिर हीं आवाजाचीं तीन स्थानें; उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत व विलंबित हे त्याचे सहा अलंकार. ज्यांनीं हीं नांवें कधीं ऐकिलीं नाहींत, असे परदेशस्थ कलावंत कांचेच्या बंद खोलींत बसून याच भांडवलावर आपला व्यापार चालवितात.

पुष्कळांची समजूत अशी असते, कीं चित्र आधीं तयार होतें व मग कोणी तरी त्यास आवाज जोडतो. अमेरिकेंतील रूढ पद्धति याच्या उलट आहे. तेथें नट प्रथम मायक्रोफोनपुढें सर्व संवाद बोलतो. मग त्या ध्वनिमुद्रणाचें बारकाईनें पृथक्करण होतें. चित्रपटाच्या एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. त्यांपैकीं कोणत्या चौकटींत कोणता वर्ण उच्चारला गेला याचा तक्ता मांडतात, आणि त्या तक्त्याबरहुकूम चित्रकार तोंडाच्या आकृति काढतो. वर्गांत मुलें ज्यास कंटाळत, तो वर्णोच्चारस्थानांचा धडा येथें जसाच्या तसा कामीं येतो. प, ब, म हे ओष्ठ्य. तेव्हां त्या चौकटींत ओठ मिटलेलेच हवेत. क आणि ग हे कंठ्य. ते बाहेरून दिसतच नाहींत. नट कोठें अडखळला, कोठें त्यानें श्वास घेतला, कोठें हसूं दाबलें, हेंही चित्रकार टिपतो व त्याप्रमाणें चित्राचे खांदे आणि डोळे हालवितो. आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे; पण तेथें देह आयता होता. येथें प्राण आधीं येतो, आणि देह त्याच्याभोंवतीं मागून घडतो.

जपानांत मात्र सामान्यतः चित्रें आधीं आणि आवाज नंतर, असा प्रघात आहे. तेथें तयार ओठांच्या हालचालींत नटास आपले शब्द बसवावे लागतात. जपानी बनावटीची 'जंगल बुक' ही मालिका १९९३ सालीं दूरदर्शनवर हिंदींत दिसूं लागली, ती अनेकांच्या स्मरणांत असेल. तींतील शेरखान वाघास नाना पाटेकर यांनीं कंठ दिला होता. जबडा जपानी शब्दांसाठीं हाललेला, आणि त्यांत हिंदी वाक्य घालावयाचें! आमच्या शिक्षाग्रंथांत शुद्ध उच्चारास वाघिणीची उपमा दिलेली आहे: ती आपलें पिलूं दाढेंत धरून नेते, तेव्हां दांतही रुतूं देत नाहीं आणि पिलूंही पडूं देत नाहीं. भाषांतरित संवाद बोलणाऱ्या नटास अर्थाचें पिलूं असेंच संभाळावें लागतें.

आतां त्या सशाकडे वळूं. त्याचें नांव बग्ज बनी. आणि त्याच्या तोंडून बोलणारा गृहस्थ मेल ब्लँक. हा १९०८ सालीं जन्मला, आणि रेडिओवर नाना सोंगें करून हॉलिवुडच्या कार्टूनपटांत आला. तेथें पोर्की नांवाचें एक अडखळत बोलणारें डुक्कर पूर्वींपासून होतें. त्यास आवाज देणारा जो डोहर्टी हा नट खरोखरच अडखळत बोलणारा होता. परंतु त्याचें अडखळणें त्याच्या स्वाधीन नव्हतें. एकेक वाक्य मुद्रित करितांना फिल्म वायां जाई. यांत त्याचा दोष नव्हता. व्याधि कोणाच्या आज्ञेंत नसते. १९३७ सालीं तें काम ब्लँककडे आलें. स्वतः अस्खलित बोलणाऱ्या ब्लँकनें तें अडखळणें ताब्यांत आणलें: कोणत्या अक्षरावर थांबावें, कितीदां आपटावें, आणि अखेर मूळ शब्द सोडून भलत्याच सोप्या शब्दानें कशी सुटका करून घ्यावी, हें सर्व मोजून मापून. जगांतील खरें आणि कलेंतील खरें यांत अंतर तें एवढेंच. खऱ्या रडण्यानें आपण दुःखी होतों. नाटकांतल्या रडण्यानें करुणरस उत्पन्न होतो.

त्याच्या कष्टांचा एक मासला सांगतों. ससा गाजर खातो, तेव्हां जो कुरकुर आवाज येतो, तो ब्लँक खरोखरीचें गाजर चावून काढी. इतर भाज्यांनीं तसा आवाज निघेना. पण तोंडांत गाजर असतां पुढील वाक्य बोलतां येईना. तेव्हां चावावें, थुंकावें, आणि लगेच बोलावें, असा क्रम त्यानें बसविला होता.

१९६१ च्या जानेवारींत लॉस एंजेलिस येथें त्याच्या मोटारीस भीषण अपघात झाला. अनेक दिवस तो बेशुद्ध होता. बायकोमुलानें हांका मारल्या, डॉक्टरांनीं हांका मारल्या, उत्तर नाहीं. अखेर एका डॉक्टरानें त्यास त्याच्या नांवानें न पुकारितां सशाच्या नांवानें कुशल विचारिलें. आणि त्या निश्चल देहांतून सशाच्या आवाजांत क्षीण उत्तर आलें. ही हकीकत ब्लँक व त्याचा मुलगा पुढें अनेकदां सांगत. वैद्यकशास्त्र यास काय म्हणेल, तें तज्ज्ञांनीं सांगावें. मला एवढेंच वाटतें, कीं वीस-पंचवीस वर्षें ज्या पात्रास आपण प्राण दिला, त्यानें ऐन वेळीं त्यांतला थोडासा परत केला. पुढें सर्वांगास प्लास्टर असतां, बिछान्यावर पडल्या पडल्या, वर मायक्रोफोन टांगून घेऊन त्यानें पुन्हां काम सुरू केलें. १९८९ सालीं तो वारला. चित्राच्या अखेरीस डुकराच्या मुखानें तो प्रेक्षकांचा निरोप घेत असे. तींच निरोपाचीं अक्षरें त्याच्या इच्छेवरून त्याच्या थडग्यावर कोरलीं आहेत.

पण ब्लँक हा अपवाद ठरला तो दुसऱ्याही एका कारणानें. आपणांस त्याचें नांव ठाऊक आहे. तो सांगे कीं, पगार वाढवून मागितला असतां निर्मात्यानें नकार दिला; तेव्हां निदान चित्रावर नांव तरी द्या, असें त्यानें मागितलें, आणि १९४४ च्या सुमारास तें येऊं लागलें. इतरांचें तसें नव्हतें. १९३७ सालचा डिस्नेचा 'स्नो व्हाइट' पाहा. त्यांत राणीचा व चेटकिणीचा असे दोन्ही आवाज ल्युसील ला व्हर्न या वृद्ध नटीचे. चेटकिणीसाठीं वेगळा आवाज हवा, तेव्हां ती क्षणभर बाहेर गेली, आपली कवळी काढून ठेविली, आणि परत येऊन बोलूं लागली, असें सांगतात. राजकन्येचा आवाज अ‍ॅड्रियाना कॅसेलॉटी या तरुण गायिकेचा. चित्रपटाच्या आरंभीं चित्रकारांचीं व संगीतकारांचीं नांवें ओळीनें येतात. पण आवाज देणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नाहीं. कॅसेलॉटीचा त्या संस्थेनें गौरव केला तो १९९४ सालीं. म्हणजे सत्तावन्न वर्षांनीं.

हें वाचीत असतां मीं चष्मा काढून ठेविला, आणि मला माझी आत्या आठवली.

चित्रांस आवाज देण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील चित्रें एकामागून एक समोर धरून त्यांतील पात्रांच्या वतीनें बोलतात; आणि कीर्तनांतल्या आख्यानांत एकटे हरिदासबुवा राजा, राणी व विदूषक होतात. माझ्या आत्यापाशीं चित्रें नव्हतीं, वीणा नव्हती, व्यासपीठही नव्हतें. ती बालविधवा, भावांच्या संसारांत तिचें आयुष्य गेलें. दिवसा स्वयंपाकघरांतून तिचा आवाज कधीं बाहेर आलेला मला आठवत नाहीं. पण रात्रीं माजघरांत कंदील बारीक करून आम्हां अठरा भावंडांच्या पथारीजवळ ती बसली, म्हणजे अंधारांतून कोल्हा बोले, सावकार बोले, विहीर बोले. चिऊताईच्या मेणाच्या घराची आणि काऊच्या शेणाच्या घराची गोष्ट कोणास ठाऊक नाहीं? कावळा भिजत दाराशीं उभा, आणि चिमणी आंतून एकेक सबब सांगते आहे. आत्याची चिमणी प्रत्येक सबब आधींच्यापेक्षां किंचित् हळू आवाजांत सांगे. तिला आंतल्या आंत लाज वाटूं लागली आहे, हें आम्हांस शब्दांनीं नव्हे, त्या उतरत्या आवाजानें कळे. काकु म्हणजे काय, हें मी पुढें ग्रंथांत वाचलें. ऐकिली होती ती तेथें, पांचव्या वर्षीं, गोधडींत.

१९९८ सालीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला. संपादनाचें काम मजकडे होतें. आजोबांच्या नोंदीखालीं त्यांचे चार पुत्र आहेत: नांव, शिक्षण, हुद्दा, जन्म व मृत्यूच्या तिथि, सर्व यथास्थित. त्याखालीं एक ओळ आहे: "शिवाय एक कन्या, बालविधवा." नांव नाहीं. ती ओळ माझ्या हातची आहे. लिहितांना मला कांहींच खटकलें नव्हतें, हें त्याहून वाईट. तिला आम्ही सगळेच आत्या म्हणत होतों. खरें सांगावयाचें तर तिचें नांव मला ठाऊकच नव्हतें. अमेरिकेंतील एका संस्थेनें नांवें गाळलीं म्हणून हळहळणारा मी, माझ्या कपाटांतल्या पुस्तकांत काय लिहून बसलों होतों!

मीं त्याच रात्रीं आमच्या सर्वांत वडील चुलतबहिणीस दूरध्वनि केला. तिनें ऐंशी ओलांडली आहे. नांव विचारतांच ती प्रथम गप्प झाली, आणि मग म्हणाली, "अरे, हें कोणी विचारील असें वाटलें नव्हतें." तिला तें आठवत होतें.

कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचें काम आतां चालू आहे. त्यांत तिचें नांव घातलें, आणि पुढें लिहिलें: "घरांतील अठरा मुलांस गोष्टी सांगितल्या." एका चुलतभावानें हरकत घेतली. गोष्टी सांगणें हा काय हुद्दा झाला, असें त्याचें म्हणणें. मीं त्यास एवढेंच विचारिलें, कीं त्या चार भावांपैकीं कोणाचा आवाज तुला आज ऐकूं येतो? तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं, मग म्हणाला, "राहूं दे ती ओळ. मात्र विहिरीचा आवाज ती काढी, तेंही लिही." तेंही लिहिलें आहे. नांव घरचें आहे, म्हणून येथें देत नाहीं. जेथें असावयास पाहिजे तेथें तें आतां आहे.

नातवास त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं दिलें आहे. संध्याकाळीं हल्लीं मीही खालींच बसतों. चित्र संपल्यावर नांवें वर सरकूं लागतात. पूर्वीं तो लगेच यंत्र बंद करी, आतां आम्ही दोघे तीं वाचतों. तीं फार भराभर जातात. दोन-तीनच वाचून होतात.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कुलवृत्तांत असेल, त्यांनीं तो एकदां काढून पाहावा, आणि "शिवाय एक कन्या" अशी ओळ कोठें आढळल्यास घरांतील वडील माणसास वेळेवर विचारावें. विचारण्याजोगीं माणसें फार दिवस राहत नाहींत.