शेवटच्या पानावर दोघी

आपल्या कादंबऱ्यांत नायक-नायिकेची पहिल्या प्रकरणातच खडाजंगी उडाली, की शेवटी लग्न होणार हे आपण ओळखतो, आणि तरीही आवडीने वाचतो. पण भांडणाऱ्या त्या दोघी मुलीच असल्या तर?

१९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आले. मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. हे धाडस मोठेच. पण सुमित्रा शेवटी आत्महत्या करते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला. कायदा बदलला, आता गोष्टींचे शेवटही बदलायला हवेत.

कोणी म्हणेल, पिंपळगाव रेणुकाईसारख्या मिरचीच्या बाजारपेठेत असल्या कादंबरीचे काय काम? मी म्हणते, इथेच तिचे काम जास्त. शहरातल्या मुलीला मन मोकळे करायला कोणीतरी भेटते. इथल्या मुलीला भेटले तर पुस्तकच. त्यातही तिच्यासारखी मुलगी मरणारच असेल, तर तिने काय समजावे?

म्हणून मला एक साधी कादंबरी हवी आहे. दोघींनी कडकडून भांडावे, अबोला धरावा, मग एकमेकींना ओळखावे. आणि शेवटच्या पानावर दोघीही जिवंत असाव्यात, सुखात असाव्यात. एवढे मागणे फार आहे काय?