लॉग आऊट केलं आणि सगळं गेलं!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आपल्या लॅबमध्ये टेबलावर जो डबा दिसतो, तो नुसता दरवाजा आहे. खरा कॉम्प्युटर सर्व्हर रूममध्ये चालतो, आपल्याला त्याचा फक्त स्क्रीन दिसतो. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. 'गोल्डन इमेज' नावाची एक मूळ प्रत करायची आणि तिच्यावरून सगळ्यांचे डेस्कटॉप काढायचे. सॉफ्टवेअर एकदाच टाकायचं. पोरांनी काहीही गोंधळ घातला तरी लॉग आऊट केलं की डेस्कटॉप पुन्हा कोरा. एकट्या अॅडमिनला एवढ्या लॅब सांभाळायच्या, तर ही सोय हवीच.

पण त्या गोंधळाबरोबर माझा मिनी प्रोजेक्टही साफ झाला! सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी डेस्कटॉपवर सेव्ह केला होता. रात्रभर हॉस्टेलवर पुन्हा टाईप करत बसले. "नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायचं ना," लॅबचे सर म्हणाले. सर, पण हे आधी सांगितलं कुणी?

उपाय आहे. प्रत्येकाची प्रोफाइल वेगळ्या डिस्क फाइलमध्ये ठेवून लॉग इनच्या वेळी जोडता येते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतलेलं एफएसलॉजिक्स हेच करतं. त्याला स्टोरेज लागतं, बॅकअप लागतो, मान्य. तोपर्यंत वॉलपेपरवर निदान एक ओळ टाका: 'इथे सेव्ह केलेलं उद्या सापडणार नाही.'

इमेज एकच आहे सर, पाच मिनिटांचं काम!