विचारपूस हीही तपासणीच

रुग्णालयात डॉक्टर राउंडला येतात, तपासतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्यानंतर दिवस-रात्र रुग्णाला आधार असतो तो ‘सिस्टर’चा. तरीही रुग्णालयाचा दर्जा ठरवताना आपण खाटा मोजतो, यंत्रे मोजतो, नव्या इमारतीचे मजले मोजतो. एका परिचारिकेच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हा प्रश्न त्या संपावर गेल्या की चार दिवस चर्चेत येतो आणि मागे पडतो. शुश्रूषेवरील संशोधनाने मात्र हा प्रश्न थेट रुग्णाच्या जिवाशी नेऊन भिडवला आहे. हे प्रमाण आता महाराष्ट्राने कायद्याने बांधून घ्यायला हवे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातूनही हाच आकडा आला. कारण समजायला अवघड नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत कुठेही होऊ शकते; ती वेळेत कुणाच्या ध्यानात येते का, यावर पुढचे सारे अवलंबून असते. श्वास किंचित जलद झाला, लघवी कमी झाली, सकाळी नीट बोलणारा रुग्ण संध्याकाळी असंबद्ध बोलू लागला, हे खाटेजवळ थांबणाऱ्यालाच दिसते.

आणि नेमके हे थांबणेच आधी सुटते. इंग्लंडमधील ४६ रुग्णालयांतल्या २,९१७ परिचारिकांना विचारले गेले, की शेवटच्या पाळीत वेळेअभावी काय राहून गेले? ८६ टक्के जणींनी किमान एक काम राहिल्याचे सांगितले आणि त्यांत सर्वांत वर होते रुग्णाशी बोलणे, त्याला धीर देणे. ६६ टक्के जणींना ते जमले नव्हते. इंजेक्शन चुकले तर नोंदवहीत दिसते. विचारपूस राहिली तर कुठेच दिसत नाही. पण ‘आजोबा, आज जेवला नाहीत का?’ या प्रश्नाच्या उत्तरातच ताप, दुखणे, घाबरणे सारे कळते. रुग्णाचे समाधान आणि त्याची सुरक्षितता यांची फारकत करता येत नाही, ती यामुळे.

थोडा हिशेब मांडू. समजा, रात्रपाळीत ४० रुग्णांमागे दोन परिचारिका आहेत. आठ तासांत एका रुग्णाच्या वाट्याला २४ मिनिटे येतात. औषधे, सलाइन, रक्तदाब, नोंदी आणि मध्यरात्री दाखल होणारे नवे रुग्ण हे सगळे त्यातच. त्यांतले पाच रुग्ण अंथरुणाला खिळलेले असतील, तर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, तीही दोघींनी मिळून. रात्रीत असे वीस वेळा. ते राहिले की पाठीवर, माकडहाडावर आधी लाल चट्टा उमटतो आणि मग जखम होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. शुश्रूषा काय करू शकते, हे त्यातून दिसले. मात्र प्रत्येक वॉर्डात तसे घडायचे तर निष्ठेच्या जोडीला माणसेही लागतात.

परदेशी आकडे इथे कशाला, असे कुणी म्हणेल. चांगल्या रुग्णालयांत परिचारिकांसोबत इतर सोयीही जास्त असतात, त्याचा हा परिणाम असेल, ही शंकाही रास्त आहे. तिचे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने दिले. तिथे २०१६ मध्ये दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण सक्तीचे झाले. ते लागू झालेल्या २७ रुग्णालयांची २८ अन्य रुग्णालयांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात मृत्यूची शक्यता घटलेली आढळली; दुसऱ्या गटात तशी घट नव्हती. खर्चाचा आक्षेपही तिथेच निकालात निघाला. रुग्ण लवकर घरी गेले, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण वाढले नाही आणि वाचलेला पैसा वाढीव खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला.

‘नातेवाईक असतातच की जवळ,’ हा आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद. नातेवाईक पाणी पाजतील, पाय चेपतील. मंदावलेल्या नाडीचा अर्थ त्यांनी कसा लावायचा? परिचारिका आणायच्या कुठून, हा प्रश्न मात्र खरा आहे. पण इथे शिकलेल्या मुली आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये जातात, कारण इथे त्यांना अनेकदा कंत्राटी नेमणूक, अपुरा पगार आणि न झेपणारा वॉर्ड मिळतो. प्रमाण सुधारले तर थांबणाऱ्याही वाढतील. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि प्रमाण लागू केले २००४ मध्ये. तयारीला अशी मुदत आपणही घेऊ शकतो.

शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहेच. त्याला कायद्याचे बळ द्यावे, मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. आणि आजपासून करता येईल असे एक काम: प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फळा लावून त्यावर त्या पाळीतले रुग्ण किती आणि परिचारिका किती, एवढे दोनच आकडे लिहावेत. आपला माणूस त्या दारातून आत नेताना ते वाचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.